यारेलीच्या बारा सह्या

माझी मावसबहीण यारेली आईच्या मूळच्या देशातल्या तोर्रेओनहून महिनाभरासाठी आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या बॅगेत तीन पांढरे कोट होते. कडक इस्त्रीचे, खिशावर निळ्या दोऱ्याने नाव भरलेलं. आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक फॉर्म. कोट एकदाही अंगाला लागले नाहीत. फॉर्म मात्र तिने रोज बाहेर काढला, रोज बघितला आणि रोज परत ठेवून दिला.

फॉर्मवर बारा रकाने होते. एकेका रकान्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेलं एकेक काम लिहायचं. टाके घालणं, सुई लावणं, प्लास्टर करणं, पोट तपासणं, जे असेल ते. पुढे तारीख आणि डॉक्टरची सही. खाली एक चौकोन, त्यात दहापैकी गुण. डिसेंबरच्या चार तारखेला तिच्या वर्गातली एकशे बारा मुलं एका सभागृहात बसणार होती आणि गुणांच्या क्रमाने एकेक जण उठून इंटर्नशिपसाठी आपलं हॉस्पिटल निवडणार होता. यारेली वर्गात पहिली, म्हणजे निवडणारही पहिली. तिला हवं होतं ते हॉस्पिटल घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं, आणि तिथला अपघात विभाग म्हणजे शहरातली सगळ्यात मोठी गर्दी. तिथे जागा दोनच. पण बारा सह्या नसतील तर यादीत नावच येत नाही. मग जुलैपर्यंत थांबा आणि इतरांनी टाकलेलं उचला.

"बाराच?" माझी आई म्हणाली. "मंगळवारपर्यंत होतील."

"मंगळवार कशाला, मावशी? आमच्याकडे एका सकाळी बारा होतात. वर कोणीतरी ओरडतं, ए पोरी, जेवायला कुठे निघालीस?"

आई आमच्या पोर्ट एल्डनच्या सेंट ऑल्बन हॉस्पिटलात पेशंटचे स्ट्रेचर ढकलते. सतरा वर्षं झाली. यारेलीला विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत तेच हॉस्पिटल मिळालं, तेव्हा तिकडे तोर्रेओनला मावशीने मेणबत्ती लावली म्हणे. पहिली आली म्हणून परदेशी पाठवत होते. बक्षीस होतं ते.

मी सोळा वर्षांची आहे. मी त्या हॉस्पिटलात फक्त जन्मायला गेले होते. पण तिथलं सगळं मला पाठ आहे, कारण आई रोज घरी येऊन आधी म्हणते, "हॉस्पिटलातलं घरी बोलायचं नसतं," आणि मग तासभर तेच बोलते. मी ऐकते आणि करून दाखवते. या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलाशी दोन बातमीदार होत्या, त्यामुळे माझी चंगळ झाली. यारेलीची झाली नाही.

पहिल्या दिवशी ती कँडेसकडे गेली. कँडेस म्हणजे शिकाऊ लोकांची कागदपत्रं बघणारी बाई. कँडेसचं प्रत्येक वाक्य शेवटाला आल्यावर टाचा उंच करतं. साधी माहितीसुद्धा ती विचारल्यासारखी सांगते.

"तर तुझी क्षयाची चाचणी झाली? आणि ती पॉझिटिव्ह आहे?"

"माझ्या देशात सगळ्यांची पॉझिटिव्ह असते," यारेली म्हणाली आणि बाही वर करून दंडावरचा वण दाखवला. "जन्मल्यावर लस टोचतात. तिच्यामुळे चाचणी फुगते. हे पुस्तकात आहे."

"हो, पुस्तकात आहे? पण आमच्या फॉर्ममध्ये नाही आहे? तर छातीचा एक्स-रे लागेल?"

"एक्स-रे आणलाय. हा घ्या."

"अगं, किती छान! पण हा स्पॅनिशमध्ये आहे?"

"एक्स-रे?" यारेली म्हणाली. "ही फुप्फुसं आहेत. ती कुठल्या भाषेत असतात?"

"सॉरी हं? म्हणजे त्यावरचा रिपोर्ट?"

हे "सॉरी हं" मी आरशासमोर चार दिवस घोटलं, तेव्हा कुठे जमलं. त्यात खेद अजिबात नसतो. दार हळूच लावून घ्यावं तसं ते असतं.

नवा एक्स-रे, तो वाचणारा डॉक्टर, त्याची सही, ती सही कँडेसपर्यंत पोचणं, मध्ये शनिवार-रविवार. अठ्ठावीस दिवसांतले आठ गेले. त्या आठ दिवसांत यारेलीला घरी बसून ऑनलाइन धडे करायला सांगितलं. आग लागल्यास काय करावं. शिडीवर कसं चढावं. हात कसे धुवावेत, हा धडा पंचेचाळीस मिनिटांचा होता आणि शेवटी परीक्षा. यारेलीला शंभरपैकी शंभर मिळाले.

"हात धुवायचे कसे ते सांगितलं," ती लॅपटॉप आपटून म्हणाली. "धुऊन लावायचे कुणाला, ते सांगत नाहीत."

तिला ते नवव्या दिवशी कळलं. कँडेसने तिच्या गळ्यात केशरी पट्टीचं ओळखपत्र घातलं. त्यावर मोठ्या अक्षरांत "निरीक्षक".

"म्हणजे तू सगळं बघू शकतेस? अगदी सगळं? फक्त पेशंटला हात लावायचा नाही?"

"किती दिवस?"

"सगळेच दिवस?"

यारेलीने तोर्रेओनमध्ये सहा बाळंतपणं केली आहेत. सहावं तर लिफ्टमध्ये. एका माणसाच्या डोक्याला तिने एकोणीस टाके घातले होते आणि तो सगळा वेळ फोनवर आपल्या बायकोशी भांडत होता. तर अशा मुलीला इथे अपघात विभागात भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभं केलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून नर्सेस तिच्या डाव्या-उजव्या बाजूने असं वळून जायला लागल्या, जसं आपण फ्रिजला वळून जातो.

आणि आई? आई दिवसभर पेशंटना हात लावत होती. उचलायची, कुशीवर वळवायची, उशी सरकवायची, म्हाताऱ्यांचे पाय घोंगडीत खुपसायची.

"मावशी सहावीपर्यंत शिकलीये," यारेली मला म्हणाली, "आणि तिला परवानगी आहे."

"आठवीपर्यंत," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

यारेलीवर देखरेख करणाऱ्या डॉक्टरचं नाव मॉरा किन्सेला. तिथे तिला सगळे, अगदी फरशी पुसणारासुद्धा, नुसतं मॉरा म्हणतात. यारेलीच्या तोंडातून ते निघता निघेना.

"डॉक्टर, एक विचारू?"

"मॉरा म्हण."

"हो, डॉक्टर."

मॉरा अर्धी वाक्यं बोलते. उरलेली अर्धी बहुतेक पुढच्या पेशंटसाठी वाचवून ठेवते. "हं. छाती. बरं. फोटो काढू. तू... हो. सॉरी." यारेली तिच्या मागे या पलंगावरून त्या पलंगावर. संध्याकाळी घरी आली की मी करून दाखवायचे, आधी मॉरा, मग मागे हात बांधलेली यारेली. आई हसून टेबलावर डोकं टेकायची. यारेली पहिले दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुरे."

मग ती फ्रिजमधून कोंबडीची तंगडी काढायची, तिचं कातडं सुरीने कापायची आणि स्वतःच्या पेटीतल्या सुई-दोऱ्याने शिवत बसायची. सुबक, एका मापाचे टाके. मग कापायची, आणि पुन्हा शिवायची.

"अगं, पुरे आता," आई म्हणायची. "ती कोंबडी काही बरी होत नाही."

"हात विसरतात, मावशी."

"आठ दिवसांत?"

"माझे विसरतात." हे ती इतक्या रागाने म्हणाली की आईने मुकाट्याने ती शिवलेली तंगडी भाजायला घेतली. जेवताना दोरा माझ्या दातात अडकला. मी काही बोलले नाही. त्या महिन्यात मी काही न बोलण्याचे प्रसंग दोनच, त्यातला हा एक.

विसाव्या दिवशी फॉर्मवर रकाने होते तेवढेच रिकामे होते. आईने तोडगा सुचवला. "मॉराला सांग, सह्या कर म्हणावं. तुमच्याकडचे करतात की."

"आमच्याकडचे न बघता बारा करतात. शंभर करतील. एकदा एकाने माझ्या फॉर्मवर सही करता करता शेजारच्या मुलाच्या डब्याच्या झाकणावर पण केली."

"मग?"

"पण तिथे मी कामं केलेली असतात, मावशी! सही खोटी असली तरी काम खरं असतं. इथे काय लिहू? भिंत धरली, तारीख एकोणीस?"

एकविसाव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, ग्रीनहाऊसवाल्यांच्या गाडीने एका कामगाराला दारात सोडलं. त्याला आपण दोन एलिगियो म्हणू (हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाच्या नावाआधी मानाने लावतात ते), कारण खरं नाव सांगितलं तर आई मला नुसती बोलणार नाही, स्ट्रेचरखाली घालील. वय एक्कावन्न, यारेलीच्याच देशातल्या त्लास्कालाचा, टोमॅटोच्या मोसमाला अकरा वर्षं येतोय. पोट दुखतंय, तीन दिवस. आईनेच त्याला सात नंबरच्या पलंगावर नेलं.

आता नियम असा की पेशंटला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा पडद्यावरून बोलतो. चाकं लावलेल्या खांबावर पडदा, पडद्यात कुठल्यातरी दूरच्या शहरातला टाय घातलेला माणूस. यारेली तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला दोन्ही भाषा येतात, पण दुभाषाचं प्रमाणपत्र नाही. आईला तर स्ट्रेचर ढकलताना "हळू हं, दादा" एवढंच स्पॅनिश बोलायची मुभा आहे.

मॉराने विचारलं. पडद्यातल्या माणसाने विचारलं. दोन एलिगियो खुसपुसत म्हणाला, "जरासं दुखतंय हो, काही विशेष नाही. कालच्यापेक्षा बरंय."

पडद्यातला माणूस बातम्या देतात त्या आवाजात म्हणाला, "मला जरासं दुखत आहे. काही विशेष नाही. मला कालच्यापेक्षा बरं आहे."

हे दुभाषे पेशंटच्या जागी स्वतःला "मी" म्हणतात. पद्धत आहे. आई सांगते, एकदा असाच एक टायवाला शांतपणे म्हणाला होता, "मला कळा येत आहेत."

"काही औषधं घेता?"

"नाही, डॉक्टर. काही नाही."

"मी कोणतीही औषधं घेत नाही."

ताप नव्हता. मॉराने पोट दाबून पाहिलं. तो म्हणाला, ठीक आहे. त्याच्याच खोलीतले पाच जण त्या आठवड्यात जुलाबाने आडवे झाले होते. मॉरा म्हणाली, "हं. बहुतेक तेच. रक्त... येऊ दे. मग घरी. वाढलं तर परत."

यारेलीला "नाही" ऐकल्यापासून भिंतीला टेकवत नव्हतं. तिच्या पाठीमागच्या बोटांकडे आईचं लक्ष होतं. ती बोटं एकमेकांना पिळत होती, असं आई सांगते.

"डॉक्टर," यारेली इंग्रजीत म्हणाली. "त्यांना औषधं विचारू नका. घरून काय आणलंय ते विचारा."

"ते नाही म्हणाले."

"ते औषधांना नाही म्हणाले."

मॉरा पडद्याकडे वळली, आणि पडदा निळा झाला. टायवाला गेला. लाडिक आवाजात सूचना आली: संपर्क तुटला आहे, रांगेत तुमचा क्रमांक चौथा. त्याच वेळी तीन नंबरच्या पलंगावरून मॉराला हाक आली. "सॉरी. दोन मिनिटं," म्हणून ती गेली.

राहिले तिघं. दोन एलिगियो, स्ट्रेचरचा दांडा धरून आई, आणि यारेली. निळ्या पडद्यावर बासरी वाजत होती.

दोन एलिगियोने मान वळवली. "डॉक्टर, तुम्ही आमच्याकडच्या ना?"

यारेलीने मॉरा गेली त्या बाजूला पाहिलं. मग म्हणाली, "तोर्रेओनची."

"बघा! मी मघापासून म्हणत होतो. तिकडच्या पोरी अशाच उभ्या राहतात, आता मारतील अशा."

"दोन एलिगियो, पिशवीत काय काय आहे तुमच्या?"

"कुठली पिशवी?"

"घरच्यांनी दिलेली. सगळ्यांना देतात. माझ्या आईने मलापण दिलीये. बोला आता."

तो ओशाळून हसला. "ती होय! ती काय औषधं आहेत का? त्या तर गोळ्या आहेत. दुखलं की घ्यायच्या."

"किती घेतल्या?"

"दोन-दोन. सहा तासांनी. तीन दिवस. आणि दोस्ताने दिलेल्या त्या लाल-काळ्या कॅप्सूल. आज सकाळी जरा जास्त घेतल्या. इथं यायचं होतं म्हणून."

"इथं यायचं म्हणून?"

"बरा दिसावा म्हणून, पोरी. आजारी दिसलो तर विमानात बसवून परत पाठवतात. मोसम संपायला सहा आठवडे आहेत अजून."

त्या गोळ्या तिकडे तोर्रेओनला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, मेटामिझोल नावाच्या. इथे विकतच नाहीत, त्यामुळे इथल्या डॉक्टरच्या डोक्यात त्या येत नाहीत. त्या दुखणंही दाबतात आणि तापही. वर त्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल. म्हणजे तो पलंगावर जो शहाण्यासारखा पडून होता, तो दोन एलिगियो नव्हताच, गोळ्यांचा परिणाम होता. हे मला यारेलीने नंतर तीनदा समजावलं, चौथ्यांदा टेबलावर हात आपटून.

"तिचा हात पाठीमागून कधी निघाला मला दिसलंच नाही," आई सांगते. "दिसला तेव्हा त्याच्या पोटावर होता."

वर डावीकडे दाबलं, वर उजवीकडे, खाली डावीकडे. तो आईशी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत राहिला. खाली उजवीकडे यारेलीने हळूहळू, खोल दाबलं आणि एकदम हात उचलला. दोन एलिगियोने पलंगाचा कठडा धरला आणि आपल्या आईचं नाव घेतलं.

पलंगाभोवतीच्या कापडी पडद्याच्या कडेशी नर्स उभी होती. "सॉरी हं," ती म्हणाली. "तुला हे करायची परवानगी आहे का?"

"नाही," यारेली म्हणाली. "डॉक्टरना बोलवा. आत्ता."

मॉरा आली. यारेलीने सगळं सांगितलं: गोळ्या, कॅप्सूल, आणि मी हात लावला, इथे दाबलं, सोडल्यावर दुखलं. लपवलं काहीच नाही. मॉराने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतः दाबलं, सोडलं. यावेळी दोन एलिगियोने माझ्या आईचा हात धरला. त्याच्या खुणा अजून आहेत म्हणते. मॉरा पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली: "याला लगेच सीटी स्कॅनला न्या." आईने स्ट्रेचर असा पळवला की वळणावर कचऱ्याची बादली गेली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. चार वाजता ऑपरेशन झालं.

त्या दिवशी आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून केक आणला. "आता बघ," ती म्हणाली, "आता बाराच्या बारा करून देतील. हार घालतील."

हार घातला नाही, गळ्यातलं होतं ते काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कँडेसच्या खोलीत मीटिंग झाली. कँडेस, मॉरा, आणि सुरक्षिततेचा एक गृहस्थ, जो फक्त मान हलवायचा.

"आम्ही सगळे खूप आभारी आहोत?" कँडेस म्हणाली. "खरंच? आणि हे असं होता कामा नये?"

"कोणतं?" यारेलीने विचारलं. "तो वाचला ते?"

"नाही, नाही! सॉरी हं? हात लावलास ते?"

"हात लावला नसता तर..."

"तर तू डॉक्टरना सांगायला हवं होतं?"

"मी सांगितलं. रांगेत आमचा क्रमांक चौथा होता."

गृहस्थाने मान हलवली. उरलेले सहा दिवस तिला विभागात यायला मनाई झाली. घटनेचा अहवाल लिहिला गेला, आणि एक पत्र तिच्या कॉलेजला जाणार होतं, नियमाप्रमाणे. यारेली पांढरी पडली. सह्या नाहीत ते नाहीत, वर तक्रार!

बाहेर कॉफीच्या मशीनशी तिने मॉराला गाठलं आणि फोल्डर पुढे केला. हे तिने मला जसंच्या तसं सांगितलंय, आणि हे मी कधी करून दाखवत नाही.

"डॉक्टर, एक सही. एकच. पोट तपासलं, कालची तारीख."

"मॉरा म्हण," मॉरा सवयीने म्हणाली. मग फॉर्म बराच वेळ वाचला. "एक लिहिलं तर त्याचा अर्थ मी तुला परवानगी दिली. मी दिली नव्हती. आणि शून्य लिहायला... ते मला जमणार नाही."

"मग काय लिहाल?"

मॉराने रात्रीत दोन पानी पत्र लिहिलं होतं. सुरेख. त्यात असं होतं की या विद्यार्थिनीच्या कानामुळे एक माणूस वाचला. हाताचा उल्लेख नव्हता. रकाने तिने मोकळेच ठेवले.

"चौकोनात आकडा तरी द्या. दहापैकी."

"आम्ही आकडे देत नाही." मॉराने चौकोनाशेजारी लिहिलं: कामगिरी अपेक्षेप्रमाणे.

"अपेक्षा काय होती?" यारेली म्हणाली. "उभं राहायची. राहिले की मी इतके दिवस! मग दहा का नाही?"

मॉरा लाल झाली. म्हणाली, "तुझं बरोबर आहे." आणि निघून गेली. आई म्हणते, मॉराने त्या आठवड्यात औषधांच्या फॉर्मवर एक ओळ वाढवायचा अर्ज केला, "घरून काय आणलं आहे?" अशी. तो अर्ज एका समितीकडे आहे. समिती मार्चमध्ये बसते.

उरलेले सहा दिवस यारेली आमच्या घरात होती. तिने आमच्या गळणाऱ्या नळाचं वॉशर बदललं, माझ्या जीन्सला चेन लावली आणि शेजारच्या कुत्र्याच्या पंजातलं कुसळ काढलं. विमानतळावर आईने पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "मावशी, मला आत्ता चांगलं काही सांगू नकोस." हा माझा गप्प बसण्याचा दुसरा प्रसंग.

पुढचं तिने फोनवर सांगितलं. तिच्या कॉलेजच्या ऑफिसात चायो नावाच्या बाई आहेत, मुलं त्यांना सेञोरिता, म्हणजे 'बाई', म्हणतात. डीन येतात-जातात, चायोबाई एकतीस वर्षं तिथेच आहेत. बाईंचा आवाज म्हणजे तेल न घातलेलं शिवणयंत्र, आणि प्रत्येक वाक्याआधी त्या चष्मा नाकावरून एकेक पायरी खाली उतरवतात. यारेली घाबरत घाबरत काचेपलीकडे उभी राहिली. मॉराचं दोन पानी पत्र बाईंनी वजन केल्यासारखं हातात धरलं.

"हे काय?"

"माझ्याबद्दल चांगलं लिहिलंय."

"चांगलं वाईट मी बघत नाही. शिक्का कुठाय?" पत्र बाजूला. "फॉर्म?" फॉर्म पाहिला. "रिकामा."

"हो, सेञोरिता."

मग बाईंनी दुसरा लिफाफा काढला. सेंट ऑल्बनची तक्रार, भाषांतर करून जोडलेली. यारेलीने डोळे मिटले. बाईंनी मोठ्याने वाचलं: "सदर विद्यार्थिनीने एकवीस तारखेस, कोणाचीही मदत न घेता, स्वतःच्या हाताने रुग्णाचे पोट चारही भागांत तपासले." चष्मा एक पायरी खाली. "स्वतःच्या हाताने. तारीख आहे. सही आहे. सह्या तीन आहेत! शिक्का तर कोरून काढल्यासारखा." आणि ठप्प. पहिल्या रकान्यावर शिक्का. "एक."

"सेञोरिता," यारेली म्हणाली, "ही तक्रार आहे."

"तू मला वाचायला शिकवतेस?"

"नाही."

"मग एक. उरले अकरा."

आई फोनवर इतकी हसली की तिला उचकी लागली. मीही. तिकडून यारेली हसली नाही. अकरा सह्यांसाठी तिला महिना पुन्हा करायचा होता, आणि तो वर्ग भरतो जानेवारीत. ती विनवण्या करून दमली. तिच्या शहरातल्या विभागप्रमुखाने सांगितलं, पोरी, आज ये, आज अकरा करून देतो. चायोबाई म्हणाल्या, जानेवारीचं काम डिसेंबरात कसं मोजू?

चार डिसेंबरला एकशे अकरा मुलं सभागृहात बसली. यारेली बाहेरच्या व्हरांड्यात होती. आत नावं पुकारत होते ते तिला ऐकू येत होतं. पहिल्या जागी दुसऱ्याचं नाव. तिच्या हॉस्पिटलातली एक जागा पाचव्याने घेतली, दुसरी उलिसेस नावाच्या चोवीस नंबरच्या मुलाने, ज्याला रक्त बघून घाम फुटतो. तो बाहेर आला आणि तिलाच विचारायला लागला की तिथे फार काम असतं का गं.

"तू काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"असतं म्हणाले."

जानेवारीत अकरा सह्या दीड दिवसात झाल्या. उरलेला महिना हजेरीसाठी. त्यानंतर ती ऑफिसात फॉर्म द्यायला गेली. चायोबाईंनी बारा रकाने बोटाने मोजले, वरून खाली आणि मग खालून वर, शिक्का मारला आणि पावती दिली.

"जुलैत जागा किती असतील, सेञोरिता?"

"उरतील तेवढ्या," चायोबाई म्हणाल्या. "सकाळी लवकर ये हं, रांग मोठी असते."